नटाची भीती तालमीत कशी हाताळावी: अभिनय शिकवणाऱ्यांसाठी

‘रिलॅक्स हो’ ही तालमीत सर्वांत जास्त वेळा दिली जाणारी आणि सर्वांत कमी उपयोगी पडणारी सूचना आहे. ती ऐकली की नट स्वतःचे खांदे तपासायला लागतो, आपण अजून ताठच आहोत हे त्याला कळतं आणि मग ताठ असल्याचीही काळजी सुरू होते. समोरचा सहकलाकार, त्याने आत्ताच म्हटलेलं वाक्य, या प्रवेशात आपल्याला काय हवंय, हे सगळं बाजूला पडतं. भीतीचं खरं नुकसान हे आहे. हात थरथरत असले तरी प्रवेश चालू शकतो. लक्ष स्वतःवर अडकलं की मात्र तो तिथेच बसतो.

त्यामुळे इथे सांगितलेली पद्धत भीती घालवण्याच्या मागे लागत नाही. नटाचं लक्ष बाहेर, ठोस कामावर लावायचं आणि भीती उरली तर उरू द्यायची. खरेपणाही त्याच वाटेने येतो, कारण समोर जे घडतंय त्याचा नटावर होणारा परिणाम दिसला की प्रेक्षकाला ते खरं वाटतं. (‘नट’ हा शब्द पुढे स्त्री-पुरुष दोघांसाठी वापरला आहे.)

आठ ते दहा जणांचा गट, आठवड्याला दीड तासाच्या दोन बैठका आणि साधारण आठ आठवडे असा हिशेब धरला आहे. एकट्या नटाबरोबर काम असेल तर तासाभराची बैठक पुरते, पण जोडीच्या सरावांना दुसरं कुणीतरी लागतंच. शिक्षकाने स्वतः जोडीदार होऊ नये, कारण मग बघायला कुणी उरत नाही.

## आधी भीती कशाची आहे ते बघा

‘घाबरतो’ या शब्दाखाली निदान पाच वेगळ्या गोष्टी येतात आणि प्रत्येकीवरचं काम वेगळं आहे. संवाद विसरण्याची भीती असलेला नट सहकलाकार बोलत असताना डोळे वर नेऊन स्वतःचं पुढचं वाक्य आठवत असतो. त्याचे ओठही किंचित हलतात. वेडंवाकडं दिसण्याची भीती असलेला प्रवेश सुरू व्हायच्या आधीच माफी मागतो (‘घसा जरा बसलाय’), संपताच हसतो आणि लगेच विचारतो, ‘कसं झालं?’ भावना येणार नाही अशी भीती असलेला चेहरे करतो. भुवया, कपाळ, ओठ सगळे कामाला लागलेले असतात, पण मानेखाली काहीच घडत नसतं. भावना आवरणार नाही अशी भीती असलेला नेमक्या अवघड वाक्यावर वेग वाढवतो किंवा आवाज खाली पाडतो. पाचवी भीती एखाद्या ठरावीक माणसाची असते. ते तुम्ही स्वतः असू शकता, ही शक्यता सोडून देऊ नका.

पहिल्या बैठकीत प्रत्येकाला एक मिनिटाचा उतारा दोनदा करायला सांगा आणि काहीही शेरा देऊ नका. वहीत फक्त डोळ्यांना आणि कानांना जे कळलं ते टिपा. ‘नर्व्हस आहे’ अशी नोंद निरुपयोगी असते. ‘दुसऱ्या वाक्यानंतर वजन उजव्या पायावर, डावी टाच उचललेली. प्रत्येक वाक्याचा शेवट गिळतो. श्वास अर्थाच्या मध्येच तोडतो. नजर जोडीदाराच्या कपाळावर’ अशी नोंद हवी. दोन्ही वेळा जसंच्या तसं घडलं ती सवय. दुसऱ्या वेळी जे गेलं ते निव्वळ पहिल्या क्षणाचं दडपण, त्यावर वेळ घालवू नका. चौथ्या आणि आठव्या आठवड्यात तोच उतारा पुन्हा करून घेतला की तिन्ही वेळच्या नोंदी शेजारी ठेवून बघता येतात.

नंतर वीसेक मिनिटं एकट्याशी बोला. ‘तुला कशाची भीती वाटते?’ असं विचारलं तर शिकवलेलं उत्तर मिळतं. त्यापेक्षा ‘कुठल्या प्रकारची भूमिका मिळाली तर तू टाळशील?’ आणि ‘कुठल्या वाक्यापाशी अंगात काय होतं?’ असं विचारा. बालपण, घर, जुनी दुःखं उकरायला जाऊ नका. त्याने आपण होऊन काही सांगितलं तर ऐकून घ्या, पण ते तालमीत वापरायचा अधिकार आपल्याला मिळाला असं समजू नका.

## सुरुवातीचे करार

हा भाग पाच मिनिटांचा वाटतो, म्हणून बहुतेक जण गाळतात आणि तिसऱ्या आठवड्यात गोंधळ होतो. चार गोष्टी मोठ्याने ठरवून घ्या. फोन बंद, ठरवून घेतलेल्या कॅमेऱ्याच्या सरावाशिवाय रेकॉर्डिंग नाही. खोलीत दिसलेलं बाहेर सांगायचं नाही. ‘थांब’ हा शब्द कुणीही म्हटला की सराव तिथेच थांबतो आणि कारण विचारलं जात नाही. स्पर्श आधी ठरवूनच करायचा: कुठे, किती वेळ, कुणी सुरुवात करायची. एकदा ठरलेला स्पर्श ऐनवेळी बदलायचा नाही, अगदी ‘ओघात आलं’ म्हणूनही नाही. नट अठरा वर्षांखालील असेल तर पालकांशी हेच बोलणं वेगळं करून घ्या.

‘थांब’ हा शब्द पहिल्याच दिवशी तुम्ही स्वतः एकदा वापरून दाखवा. तसं केलं नाही तर तो नुसता नियम उरतो आणि कुणीच वापरत नाही.

## शरीर: पहिली पंधरा-वीस मिनिटं

भीती वाटली की शरीरात अॅड्रिनलिन वाढतं. छातीत धडधड, तोंडाला कोरड, गार पडलेले हात, वर सरकलेला उथळ श्वास. जबडा आणि जिभेचं मूळ आवळतं, स्वरयंत्र वर ओढलं जातं आणि आवाज पातळ होतो. गुडघे मागे ढकलून घट्ट होतात. यातलं काहीही ‘सैल सोड’ म्हणून सुटत नाही. हाताशी असलेला उपाय म्हणजे श्वास सोडण्याची लांबी. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती उतरते.

1. पाठीवर झोपा, गुडघे उभे, तळवे जमिनीला टेकलेले. दोन मिनिटं काहीही करायचं नाही.
2. नाकाने चार मोजेपर्यंत श्वास आत, मग ‘स्स्स’ असा आवाज करत आठ मोजेपर्यंत बाहेर. सहा आवर्तनं, जास्त नाहीत. आठपर्यंत जमत नसेल तर सहा मोजा. ओढूनताणून सोडलेल्या श्वासाने उलट घसाच आवळतो.
3. उठून बसा. दोन्ही तळहातांनी कानापासून हनुवटीपर्यंत जबडा खाली चोळा, तोंड आपोआप उघडू द्या. जीभ बाहेर काढून एक वाक्य म्हणा. हसू येतं, येऊ द्या.
4. उभे राहा. गुडघे कुलूपबंद नकोत. तळव्याचे तीन बिंदू, म्हणजे टाच, अंगठ्यामागची गादी आणि करंगळीमागची गादी, जमिनीवर जाणवतात का बघा.
5. भिंतीला दोन्ही हात लावून पूर्ण जोर लावून ढकला आणि ढकलतानाच उताऱ्यातली दोन-तीन वाक्यं म्हणा. दहा सेकंदांनी भिंत सोडा, वळा आणि तीच वाक्यं जोडीदाराला सांगा.

पाचवी कृती वरकरणी उलटी वाटते, पण सैल करण्याच्या सगळ्या व्यायामांपेक्षा ती जास्त काम करते. मोठे स्नायू खरोखरच्या कामाला लागले की गळ्याने उसना घेतलेला ताण सुटतो आणि भिंत सोडल्यानंतरच्या पहिल्या वाक्याला आवाज खालून, भरून येतो. फरक बघणाऱ्यांनाही ऐकू येतो. तो ऐकू आला की नटाला नावानिशी सांगा: ‘आत्ताचं वाक्य.’

इथे हमखास होणारी चूक म्हणजे ‘खोल श्वास घ्या, अजून खोल’ अशी घाई. घाबरलेला माणूस आधीच जास्त हवा घेत असतो. आणखी घेतली की बोटांना मुंग्या येतात, गरगरतं आणि त्याला वाटतं भीती वाढली. गरगरलं तर बसवा, नेहमीसारखा श्वास घेऊ द्या. मानेचे पूर्ण गोल फिरवणेही टाळा, मान बाजूंना आणि पुढे पुरे.

नटाला एक गोष्ट जरूर सांगावी. नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. म्हणजे थिजणं, घाम, काटा येणं, आवाज फुटणं, थरथर, रंग उडणं, डोळे भरणं, शुद्ध हरपणं. विंगेत उभ्या असलेल्या नटाची तक्रार अगदी याच शब्दांत असते. जे शरीर भीतीने थरथरतं तेच भूमिकेसाठीही थरथरू शकतं. ती क्षमता मारून टाकली तर खेळायला काही उरणार नाही. ‘मी घाबरलोय’ ऐवजी ‘अंगात जोर आलाय, तो कुठे लावू?’ असा प्रश्न स्वतःला विचारायची सवय लावा.

## लक्ष बाहेर नेणं

रशियन नट-दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की (1863–1938) यांनी लक्षाच्या वर्तुळांची कल्पना मांडली: आधी हातातली वस्तू, मग टेबलाभोवतीची जागा, मग सगळा रंगमंच. वर्तुळ डळमळलं की लहान वर्तुळात परत यायचं. समजायला सोपं आहे, पण नुसतं सांगून कुणाला जमत नाही, अनुभव द्यावा लागतो.

त्यासाठी अमेरिकन नाट्यशिक्षिका व्हायोला स्पोलिन यांचा एक साधा खेळ उत्तम आहे. गटाचे दोन भाग करा. अर्धे उभे, अर्धे बसलेले. उभ्या असलेल्यांना सूचना एकच: काही करायचं नाही. तुम्हीही काही बोलू नका. दीड-दोन मिनिटांत हात कुठे ठेवावेत कळेनासं होतं, कुणी हसतं, कुणी कपडे नीट करतं, कुणी बघणाऱ्यांकडे टक लावतं. सगळे पुरेसे अवघडले की सांगा: ‘छताच्या कडेपासून जमिनीपर्यंत दिसणाऱ्या सगळ्या आडव्या रेषा मोजा.’ माना वळतात, खांदे उतरतात, चेहरे आपापले दिसायला लागतात. मग भाग बदला. शेवटी दोनच प्रश्न विचारा: आधी अंगात कुठे काय होत होतं? मोजताना ते कुठे गेलं? उत्तर तुम्ही देऊ नका. पहिला भाग लवकर संपवायचा मोह होतो, कारण तो बघणंही नको होतं, पण अवघडलेपण नीट आल्याशिवाय दुसऱ्या भागाचा फरक जाणवत नाही.

दुसरा सराव अमेरिकन अभिनयशिक्षक सॅनफर्ड माइझनर यांचा, पुनरुक्तीचा. दोघं समोरासमोर, हातभर अंतरावर बसतात. एकाला दुसऱ्यात जे दिसतं ते तो म्हणतो, दुसरा तेच स्वतःच्या बाजूने परत म्हणतो.

— तू हात चोळतोयस.
— मी हात चोळतोय.
— तू हात चोळतोयस.
— मी हात चोळतोय.
— तू हसलास.
— मी हसलो.

वाक्य ‘ठरवून’ बदलायचं नाही. समोर काही बदललं तरच बदलायचं. एका जोडीला पाच मिनिटं, मग जोडी बदला, तीन फेऱ्या. पहिली फेरी कंटाळवाणी जाते. कंटाळ्याच्या पलीकडे कुठेतरी आवाजाचा सूर आपोआप बदलतो: चीड येते, मऊपणा येतो, कुणाचे डोळे भरतात. शब्द तेच असतात, म्हणजे बदल जोडीदाराकडून आला आहे. तो क्षण लक्षात ठेवा, पण सराव तोडून दाखवून देऊ नका.

हा सराव चार प्रकारे बिघडतो. नट विनोदी वाक्यं शोधायला लागतो (म्हणजे लक्ष पुन्हा स्वतःकडे). यंत्रासारखे पाढे म्हटले जातात (समोर बघणं थांबलंय, ‘आत्ता काय दिसतंय?’ एवढंच विचारा). रूपावर, वजनावर, कपड्यांवर शेरे येतात (हे आधीच बंद करा, फक्त वागणं बोलायचं). आणि चौथं आपल्याकडचं: गटात वयाने मोठं कुणी असेल तर ‘तुम्ही हात चोळताय’ सुरू होतं आणि सगळा सराव सभ्यतेच्या गाळणीतून जायला लागतो. सरावापुरतं सगळ्यांनी सगळ्यांना ‘तू’ म्हणायचं असं ठरवून टाका. ज्येष्ठ नटाची परवानगी आधी एकांतात घ्या, सगळ्यांसमोर विचारलंत तर तो नाही म्हणू शकत नाही.

## पाठांतर आणि ब्लँक होणं

विसरण्याची भीती असलेल्या नटावर मानसिक उपाय करण्याआधी त्याचं पाठांतर तपासा. निम्म्या वेळा भीती रास्त असते, कारण पाठांतर कच्चं असतं. बहुतेकांचं पाठांतर सुराला चिकटलेलं असतं. घरी ज्या चालीत म्हटलं त्याच चालीत आठवतं. तालमीत जोडीदाराने वाक्य वेगळं टाकलं की चाल मोडते आणि चालीबरोबर शब्दही जातात. हाच सूर खोटेपणाचंही मोठं कारण आहे.

म्हणून संवाद सपाट पाठ करून घ्या, कुठलाही भाव न घालता, विरामचिन्हंसुद्धा न पाळता. स्वतःच्या वाक्यांइतकीच समोरच्याचे शेवटचे चार शब्दही पाठ हवेत. मग चेंडू फेकत, जिने चढत, कपड्यांच्या घड्या घालत म्हणायला लावा. परीक्षा अशी: तुम्ही प्रवेशातलं समोरच्याचं कुठलंही वाक्य मधूनच म्हणा, नटाने दोन सेकंदांत पुढचं उचललं पाहिजे. दहापैकी नऊ वेळा जमलं की पाठांतर पक्कं.

तरीही ब्लँक व्हायचं ते होतंच, म्हणून त्याचीच तालीम घ्या. प्रवेश चालू असताना तुम्ही टाळी वाजवा. टाळी वाजली की त्या नटाचे शब्द ‘गेले’. त्याने वीस सेकंद भूमिकेतच राहायचं. क्रम ठरलेला: श्वास बाहेर सोड, जोडीदाराकडे बघ, त्याने शेवटचं काय म्हटलं ते मनात आण, तुला त्याच्याकडून काय हवंय ते स्वतःच्या शब्दांत माग. वीस सेकंदांत एकतर मूळ संवाद सापडतो नाहीतर जोडीदार सावरून घेतो. एका बैठकीत प्रत्येकाला तीन-चार टाळ्या पुरेत. दोन आठवड्यांत बहुतेकांना कळतं की त्या खड्ड्यात पडलं तरी वर येता येतं, आणि पाठांतराची धास्ती तिथे निम्मी होते.

## ‘दुःखी हो’ ऐवजी काम द्या

‘इथे तू दुःखी आहेस’ असं सांगितलं की नट दुःखाचा चेहरा करणार, दुसरं काही करता येणारच नाही. भावना मागून मिळत नाही, क्रिया मात्र मागता येते. प्रत्येक वाक्याला एक क्रियापद द्या आणि ते जोडीदारावर करायचं असलं पाहिजे: चुचकारणं, अडवणं, टोचणं, हिणवणं, धीर देणं, कोंडीत पकडणं, कबूल करायला लावणं. क्रियापद चालेल की नाही याची कसोटी सोपी आहे. आपल्याला यश आलं का, हे समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसू शकतं का? ‘रागावणं’ नापास, ‘त्याची नजर खाली जायला लावणं’ पास.

सरावासाठी अर्थ न चिकटलेला छोटा संवाद घ्या. उदाहरणार्थ:

अ: आलास?
ब: हो.
अ: उशीर झाला.
ब: माहीत आहे.
अ: बसतोस?
ब: नको.

परिस्थिती: ब घराची किल्ली परत द्यायला आला आहे. ती दिली की तो जाणार, कायमचा. अ ला तो दहा मिनिटं थांबायला हवा आहे. पहिल्यांदा करताना अ होणारी नटी ‘बसतोस?’ हे हमखास मान तिरकी करून, आवाज ओलसर करून म्हणते. तिला आवाजाबद्दल काहीही बोलू नका. काम द्या: ‘त्याच्या हातातली पिशवी खाली ठेवायला लाव.’ आता ‘बसतोस?’ म्हणताना तिची नजर पिशवीवर जाते, मग खुर्चीवर, मग पुन्हा पिशवीवर. ब ने पिशवी दुसऱ्या हातात घेतली की तिला उत्तर आधीच कळतं. ‘नको’ ऐकताना तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते कुणी शिकवलेलं नसतं. ओला आवाज गेलेला असतो आणि प्रसंग जास्त जड झालेला असतो.

मग त्याच ओळी तीन वेगळ्या क्रियापदांनी करून घ्या: त्याला हसव, त्याला अपराधी वाटायला लाव, त्याने निघावं म्हणून घाई कर. प्रत्येक वेळी ब ला स्वतंत्रपणे, कानात वेगळं काम द्या. दोघांना एकमेकांचं काम माहीत नसलं की ऐकणं आपोआप सुरू होतं.

## खोटेपणावरची काही हत्यारं

इथे क्रम नाही, लागेल ते वापरा.

सूर लागलेला असेल तर अख्खा प्रवेश कुजबुजत करा, जोडीदाराला जेमतेम ऐकू जाईल इतकाच आवाज. सूर कुजबुजीत टिकत नाही. दोन फेऱ्यांनंतर आवाज परत आणा. जास्त वेळ कुजबुजल्याने मात्र घसा ताणतो, पाच मिनिटांच्या वर नको.

हात काय करावेत हा प्रश्न असेल तर हातांना खरंच लक्ष लागेल असं काम द्या: दोऱ्याची गाठ सोडवणं, सुटलेलं बटण शिवणं. खोटी गाठ चालणार नाही. काम खरं असलं की संवाद त्याच्या मधून, वेड्यावाकड्या जागी थांबत येतो, आणि त्यातल्या दोन-तीन जागा पुढे कामाशिवायही ठेवण्यासारख्या निघतात.

वेडंवाकडं दिसण्याच्या भीतीवर सर्वांत गुणकारी सूचना आहे: ‘आता हा प्रवेश जमेल तितका वाईट करून दाखव.’ ओव्हरअॅक्टिंग, रडणं, ओरडणं, सगळं. खोली हसते, नटही हसतो, आणि ज्याची भीती होती ते सगळ्यांसमोर घडून गेलेलं असतं. लगेच, एक मिनिटही न घालवता, साधा प्रवेश करून घ्या. त्या वाईट फेरीत एखादी गोष्ट बऱ्याचदा चांगली निघते. ती उचला.

एखाद्या प्रसिद्ध नटाची नक्कल होत असेल तर तसं तोंडावर सांगू नका, कारण नक्कल हा बहुतेक वेळा आडोसा असतो. प्रवेश स्वतःच्या रोजच्या बोलीत, स्वतःच्या शब्दांत करायला सांगा. बोली बदलली की उसनी लकब गळते. मग मूळ संवादाकडे परत या.

रडण्याबद्दल थोडं जास्त. अश्रू हे यशाचं माप समजणारे नट आणि शिक्षक दोघंही प्रवेश बिघडवतात. आयुष्यात माणूस बहुधा रडू नये म्हणून धडपडत असतो. नटाला ती धडपड द्या: ‘त्याला कळता कामा नये.’ आणि स्वतःच्या आयुष्यातली जखम आठवून रडायची पद्धत, विशेषतः ताजी जखम, टाळाच. आठवणीत शिरलेला नट जोडीदारापासून तुटतो, तीच आठवण दहाव्या प्रयोगाला काम करत नाही, आणि कधी ती बंदही होत नाही. भावनिक स्मृतीचा पुरस्कार केलेले स्तानिस्लाव्हस्कीसुद्धा उत्तरायुष्यात शारीरिक क्रियांच्या पद्धतीकडे वळले. ‘मी या जागी असतो तर?’ हा प्रश्न आणि भरपूर तपशील पुरतो.

## बघणाऱ्यांची शिडी

प्रेक्षकांची भीती पायऱ्या-पायऱ्यांनी घ्या: तुम्ही पाठमोरे बसलेले असताना, तुम्ही समोर, तीन ओळखीचे, पूर्ण गट, कॅमेरा चालू (पण चित्रण नंतर बघायचं नाही), चार-पाच अनोळखी माणसं. प्रत्येक पायरीच्या आधी आणि नंतर नटाने भीतीला शून्य ते दहा असा आकडा द्यायचा. एकाच बैठकीत तीच पायरी निदान तीनदा करून घ्या. सुरुवातीचा आकडा चारच्या खाली आला की पुढची पायरी.

भीती शिखरावर असताना ‘बरं, आज राहू दे’ म्हणून सोडलं तर पळ काढल्याने सुटका होते, एवढंच तो शिकतो आणि पुढच्या वेळी आकडा वरून सुरू होतो. आकडा निदान दोनने उतरेपर्यंत थांबा किंवा एक पायरी खाली येऊन तिथे संपवा. अर्थात ‘थांब’ हा शब्द या सगळ्याच्या वर आहे.

कॅमेऱ्याची पायरी काहींना प्रेक्षकांपेक्षा अवघड जाते. क्लोजअपमध्ये डोळ्यांची उघडझाप आणि नजरेचं भटकणं मोठं दिसतं, म्हणून जोडीदाराला लेन्सला अगदी चिकटून, तिच्या एका बाजूला उभं करा आणि नटाला त्याच्या एकाच डोळ्यात बघायला सांगा.

## शेरा कसा द्यावा

प्रवेश संपल्यावर दहा सेकंद गप्प बसा. मग क्रम: मी काय पाहिलं, एक प्रश्न, एक बदल. ‘तिने पिशवी मागितली तेव्हा तू एक पाऊल मागे गेलास. तेव्हा तुला काय हवं होतं? आता जागेवरून न हलता तेच मिळव.’ बदल एकच. तीन सूचना दिल्या की नट तिन्ही आठवत प्रवेश करतो. ‘छान’ आणि ‘खोटं वाटतंय’ हे दोन्ही शेरे टाळा, दोन्हींनी पुढे काय करायचं ते कळत नाही. वाक्य स्वतः म्हणून दाखवणं तर कटाक्षाने बंद, पुढचे सहा प्रयोग तुमचाच सूर ऐकू येईल.

अपमान करून, चिडवून, रडवून ‘खरं बाहेर काढणारे’ शिक्षक असतात. जे बाहेर येतं ते खरं असतं, पण ते शिक्षकाविषयीचं असतं, भूमिकेतलं नव्हे, आणि प्रयोगाला शिक्षक समोर नसतो.

## प्रयोगाचा दिवस

नवीन सूचना आदल्या दिवशी बंद. रोजच्यापेक्षा जास्त चहा-कॉफी नको, तीच धडधड वाढते. लवकर पोचून नटाने रंगमंच चालून घ्यावा, वापरायच्या वस्तू हाताळाव्यात, शेवटच्या रांगेकडे बघून पहिली तीन वाक्यं एकदा म्हणावीत. विंगेत अख्खी संहिता घोकू नये. एन्ट्रीच्या आधीच्या मिनिटात तीनच गोष्टी: मी कुठून येतोय, मला कुणाकडून काय हवंय, आत गेल्यावर पहिल्यांदा काय दिसेल. मग एक लांब उच्छ्वास आणि आत. धडधड थांबवण्यासाठी कुणीतरी दिलेली गोळी डॉक्टरांना न विचारता घ्यायची नाही. यासाठी वापरली जाणारी बीटा-ब्लॉकर औषधं दमा असलेल्यांना धोक्याची ठरू शकतात.

## भूमिकेतून बाहेर येणं आणि आपली हद्द

जड प्रवेशानंतर पाच-दहा मिनिटं राखून ठेवा. वस्तू जागेवर ठेवणं, तोंड धुणं, हातपाय झटकणं, जोडीदाराला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारून एखादी साधी गोष्ट बोलणं. भांडणाचा किंवा हिंसेचा प्रवेश असेल तर दोघांनी एकमेकांच्या समोर येऊन हे करावं, वेगवेगळ्या दारांनी निघून जाऊ नये.

काही गोष्टी तालमीच्या बाहेरच्या असतात. तालमीबाहेरही पुन्हा पुन्हा घबराटीचे झटके येणं, झोप उडणं, जुना आघात नको असताना डोळ्यांपुढे येत राहणं, एखाद्या साध्या सरावात माणूस थिजून हाकेला प्रतिसाद न देणं, स्वतःला इजा करण्याची भाषा. यातलं काही दिसलं की सराव थांबवा, एकट्याला गाठून स्पष्ट शब्दांत मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला सुचवा. शेवटची गोष्ट असेल तर त्याच दिवशी, आणि त्याला एकटं घरी पाठवू नका. गटाला काही सांगायची गरज नाही. उपचार सुरू असताना तालीम सोडावीच लागते असं नाही. उपचार करणाऱ्यांची हरकत नसेल तर त्याला शरीराचे आणि मोजण्याचे सराव चालू ठेवू द्या. शिडी आणि पुनरुक्ती मात्र त्यांना विचारूनच पुन्हा सुरू करा.